माझ्या गणितात बेंदूर नव्हता

उभी नोकरी मी एक चूल पेटवण्यात घालवली आणि त्या चुलीवर कपभर चहासुद्धा कधी झाला नाही, कारण ती चूल कागदावर होती. पुढं कागद गेला, कॉम्प्युटर आला, म्हणजे चूल पडद्यावर गेली. चहा तरीही नाहीच. अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आमच्या वाचकांना कळेल असं." मी म्हटलं, बाई, मला कळायलाच माझं निम्मं आयुष्य गेलं, वाचकांचं चार पानांत कसं भागवू? पण बोलायची खोड आहे, आणि लिहायला बसलं की तीच खोड बोटांतून बाहेर येते. तेव्हा घ्या ऐकून.

भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. मी बारामतीला जाऊन नेमकं काय करते, याबद्दल वसाहतीत मतभेद होते. काहींच्या मते मी कॉलेजात गणित शिकवायचे. काहींच्या मते मी टॉर्चचे सेल बनवायचे, शेजारच्या वहिनी एकदा भिंतीवरचं घड्याळच घेऊन आल्या, "ताई, ह्याचा सेल टिकत न्हाय, बघा की जरा." आणि आमच्या ह्यांचं मत असं की, "ती बसून असती आणि पगार येतो." तिन्ही मतांत थोडं थोडं तथ्य होतं.

मी मूळची लोणी भापकरची. बारावी सायन्स झाले, म्हणजे कशीबशी सुटले. लग्न होऊन भवानीनगरला आले, टायपिंग शिकले आणि बारामतीत एका दुकानात मुलांचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायला लागले. तिथं समीकरणं टाइप करायला कुणी तयार नसायचं. मी व्हायचे, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि म्हणून भीतीही नव्हती. ग्रीक अक्षरं मी तोंडवळ्यावरून ओळखायचे. अल्फा म्हणजे मासा. थीटा म्हणजे पोटाला पट्टा बांधलेलं शून्य. साय म्हणजे त्रिशूळ.

अशात अभियांत्रिकी कॉलेजातले एक सर आपला प्रबंध टाइप करायला घेऊन आले. त्यात एका पानावर एक बाण उजवीकडं होता आणि पुढच्या पानावर तोच बाण डावीकडं. मला ते दृश्य बरं दिसेना. घरात एक चप्पल इकडं आणि एक तिकडं पडावी तसं वाटलं. मी कुणाला न विचारता सगळे बाण एका दिशेनं करून टाकले, नीटनेटके. सरांनी पुढं कित्येक दिवस आपलं उत्तर का जुळत नाही म्हणून डोकं धरलं. मग दुकानात आले ते तापूनच आले.

"हे बाण कुणी फिरवले?"

"मी, सर. वाकडेतिकडे होते."

"ताई, ती क्रिया दोन्ही दिशांनी होते. ते बाण तसेच असायला पाहिजेत."

"दोन्ही दिशांनी कशी काय होईल?"

हा प्रश्न मी भांडायच्या सुरात विचारला होता. सरांनीही भांडायच्या सुरातच उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी त्यांचं संपलं नाही. तो माझा पहिला तास. बाकीचं शिक्षण असंच, चुका करायच्या आणि कुणीतरी रागावून समजावून सांगायचं. या पद्धतीला कॉलेजात फी नव्हती म्हणून मला परवडली. पुढं सरांनी मला प्रोजेक्टवर टायपिंगला घेतलं, टायपिंगवरून प्रोग्रॅम लिहायला बसवलं, आणि निवृत्त होईस्तवर मी तिथंच बसून होते. आमचे हे म्हणायचे ते काही अगदीच खोटं नाही.

आता ही चूल म्हणजे काय, ते सांगते. इंग्रजीत तिचं नाव सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. एक चिनीमातीसारखी चकती, पापडासारखी पातळ. तिच्या एका अंगानं गॅस सोडायचा, दुसऱ्या अंगानं साधी हवा. चकती लालबुंद तापवायची. एवढी तापली की हवेतला ऑक्सिजन विजेचा भार घेऊन चकतीच्या आरपार जातो आणि पलीकडच्या गॅसला भेटतो. गॅस जळतो म्हणा, पण ज्योत नाही, धूर नाही, फटफट आवाज नाही. या भेटीत वीज तयार होते, ती तारेनं काढून घ्यायची. अशा चकत्या एकावर एक रचल्या की त्याला आम्ही थर म्हणतो. गॅसच्या अंगाला चकतीवर निकेलचा मुलामा असतो, सगळं काम त्या निकेलवर चालतं. निकेल बिघडलं की चूल विझली.

आणि ही चकती नखरेल किती म्हणाल. घाईनं तापवली तर तडकते, घाईनं निववली तर तडकते, गरम असताना गॅस बंद पडला तर निकेल गंजतं आणि मग तर तडकतेच. महाग वस्तू. म्हणून ती हातात धरायच्या आधी गणितात धरायची. कुठं किती तापेल, कुठं गॅस कमी पडेल, किती वीज येईल, हे सगळं आधी मांडून बघायचं. त्याला म्हणायचं मॉडेल. ते माझं काम.

ते कसं करतात? आपल्या उसाला पाणी देतात तसं. पाणी चारीतून पहिल्या वाफ्यात जातं, तो पितो, उरलेलं दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. शेवटच्या वाफ्याला काय पोचतं ते इंदापूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको, आम्ही कालव्याच्या शेपटाकडचे. चकतीचंही तेच. मी चकतीचे बारीक बारीक वाफे पाडायचे आणि प्रत्येक वाफ्याला विचारायचे, तुला किती गॅस आला, तू किती खाल्लास, किती तापलास, पुढच्याला काय दिलंस? सगळ्या वाफ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली की मॉडेल सुटलं. जुळली नाहीत की परत पहिल्यापासून.

माझं पहिलं मॉडेल सुटलं तेव्हा मी सरांना अभिमानानं दाखवायला गेले. सरांनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

"मालनताई, यात जेवढा गॅस घातलाय त्यापेक्षा जास्त वीज बाहेर येतेय."

"चांगलंच की मग."

"चांगलंच आहे. हे खरं असेल तर उद्यापासून आपण दोघांनी कामाला यायचं कारण नाही. कुणीच कामाला यायचं कारण नाही."

एका ठिकाणी वजाचं अधिक झालं होतं. दुसऱ्या मॉडेलमध्ये लालबुंद भट्टीच्या मध्यभागी बर्फापेक्षा थंड असा एक वाफा निघाला. ते उत्तर मी चारचौघांसमोर पडद्यावर दाखवलं, आणि रंगीत चित्र होतं म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. निळा रंग शोभून दिसत होता.

लोकही एकेक यायचे. एक गुऱ्हाळवाले पाहुणे एकदा आले. म्हणाले, "आमच्या चुलवणाचा धूर फुकट जातोय. त्यावर तुमचं हे यंत्र चालवून द्या."

मी म्हटलं, "दादा, धूर म्हणजे जळून झालेला गॅस. त्याच्यात आता काही उरलेलं नसतं."

ते जरा विचार करून म्हणाले, "मग कॉम्प्युटरात न जळलेला धरा की."

आम्ही पुष्कळ दिवस ते वाक्य एकमेकांना सांगून हसलो. पण खरं सांगू का, मॉडेल करणाऱ्याचा सगळा धंदा त्याच दोन शब्दांवर चालतो. हवा कोरडी धरा की. भिंत सगळीकडं सारखी तापलेली धरा की. गॅस रोज एकसारखा येतो असं धरा की. पाहुणे आमच्यातलेच होते, फक्त त्यांनी ते उघड म्हटलं.

आता नसीमचं सांगते, कारण खरं तर तेच सांगायला बसलेय.

नसीम तांबोळी सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. इंदापूरची. तिच्या वडिलांचं, रज्जाकभाईंचं, तिथं लेथचं वर्कशॉप. नसीमचा विषय असा की गोठ्यातल्या गोबरगॅसवर ही चूल चालवून दाखवायची. प्रयोगशाळेत शुद्ध गॅसवर चालवणारे पुष्कळ. शेणावर चालवणं वेगळं, कारण गोबरगॅसमध्ये सडक्या अंड्यासारख्या वासाचा एक वायू असतो, गंधकाचा. तो निकेलला जाऊन चिकटतो आणि निकेल काम सोडतं. तो काढायला मध्ये एक पिंप ठेवायचं, त्यात लोखंडाचा गंजलेला कीस. गंज गंधकाला धरून ठेवतो, गॅस स्वच्छ होऊन पुढं जातो.

थर एकच होता आणि तोही आमचा नव्हता. एका मोठ्या संस्थेनं उसना दिलेला. अट अशी की महिनाभर सलग चालवून दाखवायचा आणि धड परत करायचा. नसीमची शिष्यवृत्ती संपत आली होती. महिना पुरा झाला तर प्रबंध पुरा. मध्येच थर बिघडला तर दुसरा मिळणार नव्हता आणि दुसरी संधीही नव्हती. तिचं सगळं काम त्या एका डब्यात तापत होतं.

गोठा मीच मिळवून दिला होता, नरसिंहपूरच्या अलीकडं, माझ्या मावसबहिणीच्या जावेचा. सगळं गाव त्यांना हौसाकाकी म्हणतं, म्हणून आम्हीही. चार-सहा गाई, एक बैलजोडी आणि तरंगत्या झाकणाची जुनी गोबरगॅसची टाकी. मी आणि नसीमनं वर्षभर जाऊन तिथल्या गॅसचे नमुने घेतले. उन्हाळ्यात घेतले, पावसाळ्यात घेतले, गाई उसाचं वाढं खातात तेव्हा घेतले, मका खातात तेव्हा घेतले. त्याची सरासरी मी मॉडेलला दिली. मॉडेलनं सांगितलं, गंजाचं पिंप महिनाभर आरामात पुरेल, थर सुखरूप चालेल. आणि चाललाही. गोठ्यात दोन पंखे आणि काही दिवे त्याच्यावर लागले. गाईंना त्याचं काही वाटलं नाही, पण मला वाटलं. कागदावरची चूल पहिल्यांदाच कुणाला तरी वारा घालत होती.

मग आला बेंदूर.

आमच्याकडं बेंदराला बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात, आणि पुरणपोळी आधी त्यांना, मग आपल्याला. थर चालू असल्यानं नसीम तिथंच मुक्कामाला होती, आणि मला तर काकींचं आमंत्रणच होतं. जेवण कसलं, सुस्तीच. दुपारी पाहुणे गेले आणि बरंच काही उरलं. बैलांनी हुंगून सोडलेल्या पोळ्या, पातेल्याच्या तळाचं पुरण, कटाची आमटी. कुत्रीसुद्धा तृप्त होऊन पडली होती. अन्न फेकायला हात होईना, तेव्हा मी म्हटलं, "काकी, फेकायचं कशाला? टाकीत घालू. गॅस तरी होईल."

"घाल की. टाकीचा बी बेंदूर हुंदी."

मी पदर खोचला आणि घमेलं उचलून स्वतःच्या हातानं टाकीच्या तोंडात ओतलं. वरून पाणी घातलं. काठीनं ढवळलंसुद्धा, गुठळी राहू नये म्हणून. नसीम आत थराजवळ बसून होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं झाकण कधी नव्हे इतकं वर आलेलं. काकी मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या, "कशी फुगलीया बघ." मीही कौतुक केलं. आत आले तर नसीम पेंडीच्या पोत्यावर बसून मीटरकडं बघत होती.

"अक्का, व्होल्टेज पडतंय."

"आभाळ आलंय ना."

"सोलर नाही हे, अक्का."

ते मलाही माहीत होतं, पण काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तिनं गंजाच्या पिंपापुढच्या नळीशी एक चाचणीचा कागद धरला. गंधक असलं तर तो काळा पडतो. तो बघता बघता काळा पडला. म्हणजे पिंप ओलांडून गंधक थरापर्यंत पोचलं होतं.

नसीम बाहेर आली. आवाज शांत होता, आणि तोच मला जास्त लागला. "काल टाकीत काय गेलं?"

मी काकींकडं बघितलं. काकींनी माझ्याकडं.

"पुरण," मी म्हटलं.

"किती?"

"घमेलंभर. त्यात पोळ्यापण होत्या."

"अजून?"

"कट."

"अजून काय?"

काकी म्हणाल्या, "बैलांस्नी पाजून उरल्याली अंडी हुती की तेलातली. ती म्याच टाकली मागनं. अंड्यात काय एवढं?"

नसीमनं डोळे मिटले. अंड्यात गंधक असतं. डाळीतही असतं. गूळ एकदम आंबतो, गॅस भसकन येतो, आणि येताना सगळं घेऊन येतो.

"अक्का, आपण वर्षभर नमुने घेतले. सणाच्या दिवशी एकतरी घेतला होता का?"

आता सणाच्या दिवशी नमुना कोण घेणार? संक्रांतीला मी भवानीनगरला तिळगूळ वाटत होते. पंचमीला माहेरी. ईदला नसीम घरी. मागच्या बेंदराला तर याच गोठ्यात होते, याच अंगणात पोटभर जेवले होते आणि नमुन्याची बाटली पिशवीतच राहिली होती. ज्या ज्या दिवशी गोठ्यात काही वेगळं घडत होतं, नेमकी त्या त्या दिवशी मी जेवत होते. माझ्या मॉडेलमधल्या गाई वर्षाचे बारा महिने कामाच्या दिवसातच जगत होत्या. परदेशातल्या एखाद्या पंडितानं हे मॉडेल केलं असतं आणि त्याला बेंदूर ठाऊक नसता, तर मी त्याला हसले असते.

नसीमनं गोबरगॅस तोडला, पंखे-दिवे बंद केले आणि थराला सिलिंडर जोडला. हायड्रोजन मिसळलेल्या गॅसचा एक सिलिंडर आम्ही ठेवलेला असतो, अडीअडचणीला. थर सावकाश निववायचा असेल तर तो निवेपर्यंत हा गॅस त्याच्यावरून फिरत राहावा लागतो, नाहीतर निकेल गंजतं. आणि सिलिंडर एवढाच होता, की एक तर थर नीट निववता येईल, किंवा तेवढाच वेळ गरम ठेवता येईल. दोन्ही नाही.

म्हणजे असं, आता निववायला घेतला तर थर धड राहणार, संस्थेला परत देता येणार. पण महिना मोडला आणि नसीमचं काम तिथंच संपलं. गरम ठेवून गंधक आपोआप सुटतंय का बघायचं म्हटलं, आणि तेवढ्यात स्वच्छ गोबरगॅस तयार झाला नाही, तर थर तडकणार. उसनी वस्तू फुटणार आणि काम तर गेलेलंच.

नसीमनं सरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, पुरणाच्या जागी जरा खोकले, आणि म्हणाले, "मालनताईंचं मॉडेल काय म्हणतंय?"

मी तिथंच, वैरणीच्या गंजीला टेकून, लॅपटॉप उघडला. गंधक घातलं, मॉडेल चालवलं. पडद्यावरची रेघ खाली खाली गेली आणि जमिनीला टेकून पडून राहिली. परत चालवलं. परत तेच.

"संपलं म्हणतंय," मी म्हटलं. "गंधक एकदा चिकटलं की सुटत नाही. निववून घ्यावा."

सर म्हणाले, "नसीम, थर तुझ्या हातात आहे. ठरव तू." फोन ठेवला. ठेवला ते बरं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आता वाटतं.

नसीम माझ्यासमोर येऊन बसली. "अक्का, तुमच्या मॉडेलला काल बेंदूर होता हे ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"मग आजचं त्याला काय ठाऊक असणार?"

"अगं, ते वेगळं. गॅस चुकला माझा. हे गंधकाचं तर मी..."

"गंधक सुटत नाही, हे तुम्ही मोजलंय का धरलंय?"

धरलं होतं. एकाच दिशेनं जाणारं गणित सोपं पडतं. सुटतंही असं लिहायचं तर आणखी एक समीकरण, आणखी महिनाभराचं काम. सुरुवातीला मला दोन्ही दिशांचे बाण आवडले नव्हते, ते शेवटपर्यंत फारसे आवडले नाहीत.

"मी गरम ठेवतेय," नसीम म्हणाली. आणि तिनं वडिलांना फोन लावला. "अब्बा, वर्कशॉपच्या मागं जो कीस पडलाय ना पावसात, तो पोत्यात भरा आणि घेऊन या. आत्ता. चांगला नको, गंजलेलाच पाहिजे."

पलीकडून रज्जाकभाई मोठ्यानं बोलत होते ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "आगं, आयुष्य गेलं माझं लोकांचं लोखंड गंजापास्नं वाचवण्यात. आन तुला गंज पायजे?"

"गंजच पाहिजे. लाल असेल तेवढा आणा."

"किती आणू?"

"असेल तेवढा."

ते येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते विचारू नका. पाऊस भुरभुरत होता, रस्त्याला चिखल. नसीम सिलिंडरच्या काट्याकडं बघायची, मग रस्त्याकडं, मग मीटरकडं. काकी दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या आणि नसीमच्या शेजारी बसल्या. "पोरी, म्या आन मालननं केलं हे. तू एक शिवी तरी हासड, म्हंजी बरं वाटंल."

"काकी, शिवी येत नाही मला."

"मालन, तुला येती ना? तूच दे आमा दोघींस्नी."

मी दिली. लोणी भापकरची अस्सल. नसीम हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले.

रज्जाकभाई टेम्पोत दोन पोती टाकून आले. आल्या आल्या बाह्या सारल्या. जुन्या काळ्या पडलेल्या किसाचं पिंप आम्ही रिकामं केलं, नवा लाल कीस भरला, काकी हातानं दाबायला लागल्या तेव्हा नसीम ओरडली, "दाबू नका, गॅसला वाट पाहिजे." काकींनी हात काढला आणि माझ्याकडं बघितलं, जणू ते दाबणंही मीच शिकवलं होतं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. सिलिंडरचा काटा तळाला टेकायला आला होता. नसीमनं नळीशी चाचणीचा कागद धरला. पांढरा राहिला. आणखी थोडा वेळ धरला. पांढराच. मग तिनं सिलिंडर तोडला आणि गोबरगॅस आत सोडला. भार म्हणून एकच छोटा दिवा लावला.

दिवा मिणमिण करत राहिला. मीटरवरचा आकडा पडायचा थांबला. इतकंच. तो हलेना. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, माझी रेघ जमिनीवर झोपलेली. माझ्या गणिताप्रमाणं आता हा आकडा इथंच राहणार होता आणि मग हळूहळू मरणार होता. मी ते बोलले नाही. आयुष्यात मी फार कमी वेळा गप्प बसलेय, त्यातली ही एक.

धारा काढायची वेळ झाली. काकी बादली घेऊन गाईखाली बसल्या. आणि मीटरवरचा शेवटचा अंक बदलला. मला वाटलं, तारेला हिसका बसला असेल. मग परत बदलला. वर.

"बोलू नका," नसीम म्हणाली, आणि आम्ही बोलत नव्हतो.

आकडा सावकाश चढत होता, गाभण गाय उठून उभी राहते तसा, मध्ये थांबून, दम घेऊन. गंधक सुटत होतं. जे मी सुटणार नाही म्हणून लिहून ठेवलं होतं ते सुटत होतं. शेपटाकडचे काही वाफे पुढं कायमचे जरा सुस्तच राहिले, पण थर उठला. नसीमनं माझ्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून मीटरशेजारी ठेवला. एकीकडं माझी झोपलेली रेघ, दुसरीकडं चढता आकडा.

"अक्का, चुकलात तुम्ही."

"व्हय."

"परत चुकलात."

"व्हय गं."

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर पाणीही आलं डोळ्यांतून, आणि लाल हातांनी पुसल्यानं तोंड बेंदराच्या बैलासारखं झालं. ते बघून मलाही आवरेना. रज्जाकभाई आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होते.

"चुकलं म्हंताय, आन हसताय?"

मी म्हटलं, "रज्जाकभाई, माझं बरोबर आलं असतं तर आता आपण सगळे हा डबा निववत बसलो असतो."

त्यांनी जरा विचार केला. "मग चुकत जावा की रोज."

"रोज नको, अब्बा," नसीम म्हणाली. "महिना पुरा होऊ दे माझा." आणि तिनं गाईंवरचा एक पंखा लावला. पाती आधी नुसती थरथरली, मग फिरायला लागली. काकींनी धार न थांबवता वर बघितलं आणि म्हणाल्या, "जरा हळू ठीव, बादलीत केरकचरा उडतोय."